चीजसाठी दूध: लिटरचा भाव, किलोचा हिशेब

दूध संघ शेतकऱ्याकडून दूध घेतो तेव्हा फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) बघतो. आपण शहरातली माणसं पिशवीवरचा भाव बघतो. चहाला आणि दह्याला तेवढं पुरतं. घरी चीज करायचं ठरवलं आणि स्वस्तातलं दूध कुठलं याचा शोध सुरू केला, तेव्हा मात्र शेतकऱ्याच्या बाजूने विचार करावा लागला.

संगमनेरला माझ्या मावसभावाचा गोठा आहे. फोनवर त्याची निम्मी वाक्यं "साडेतीन-साडेआठ"पाशी येऊन थांबतात. गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो, आणि त्याच्या खाली पॉइंट घसरले की लिटरमागे पैसे कापले जातात. मी त्याला विचारलं, "अरे, चीजला कुठलं दूध परवडेल?" तो म्हणाला, "ताई, तू लिटर कशाला मोजतेस? त्यातलं पाणी काढूनच टाकणार आहेस ना?"

पुढचं सगळं या प्रश्नाभोवतीच फिरलं.

चीजची गरज पडली ती दर शनिवारच्या पिझ्झ्यामुळे. बाहेरच्या स्वस्त पिझ्झ्यावर जे पांढरं ताणलं जातं ते बऱ्याचदा वनस्पती तेलापासून केलेलं 'अ‍ॅनालॉग' असतं, आणि चांगलं मोझरेला घ्यावं तर आमच्या भागात किलोला साडेपाचशे ते सहाशे पडतात. 22 सप्टेंबर 2025 पासून चीजवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्यामुळे घरच्या आणि दारच्या चीजमधलं अंतर आणखी कमी झालं. म्हणजे दूध चुकीचं निवडलं तर घरचं चीज विकतच्यापेक्षा महाग पडणार, हे कागदावरच दिसत होतं.

ठाण्याला नौपाड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुधाचं सेंटर आहे. पहाटे क्रेट उतरतात आणि साडेसहापर्यंत निम्म्या पिशव्या गेलेल्या असतात. (छापील किमतीवर 'कूलिंग'चा एक रुपया वर घेतात. त्यावर रोज कुणीतरी भांडतं आणि रोज देतं.) तिथे उभं राहून मी आयुष्यात कधी नव्हे ते पिशव्यांवरचं बारीक अक्षर वाचायला लागले. मागचे लोक "ओ मॅडम, घ्या ना लवकर" म्हणेपर्यंत.

नियमाप्रमाणे टोन्ड दुधात किमान 3 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ असावं लागतं. डबल टोन्डमध्ये 1.5 आणि 9, स्टँडर्डाइज्डमध्ये 4.5 आणि 8.5, फुल क्रीममध्ये 6 आणि 9. अमूलची पिशवी घेतली तर ताजा म्हणजे टोन्ड, शक्ती म्हणजे स्टँडर्डाइज्ड आणि गोल्ड म्हणजे फुल क्रीम. गोकुळ, महानंद, वारणा, कुठलीही पिशवी उचला, रंग आणि नाव वेगळं असेल, पण वर्गवारी हीच. गायीचं म्हणून वेगळं मिळतं त्यात फॅट सव्वातीन-साडेतीनच्या आसपास असतं.

आता यातलं चीजला काय मिळतं? फॅट मिळतं आणि केसिन नावाचं प्रथिन मिळतं. एसएनएफमध्ये निम्म्याहून जास्त असते दुग्धशर्करा, आणि ती निवळीबरोबर, म्हणजे दूध जमल्यावर सुटणाऱ्या पाण्याबरोबर, वाहून जाते. म्हणून डबल टोन्डच्या पिशवीवरचा 9 हा आकडा बघून हुरळण्यात अर्थ नाही. त्याचं चीज होतं, पण चावताना दात कुरकुरतात आणि तव्यावर वितळायच्या ऐवजी वाळतं.

टोन्ड दूध सगळ्यांत जास्त खपतं आणि लिटरमागे स्वस्तही पडतं. ही कल्पना मूळची आपल्या मुंबईचीच. 1940 च्या दशकात मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि स्निग्धांश काढलेल्या दुधाची पावडर मिसळून ते दूध जास्त घरांना पुरेल आणि परवडेल असं केलं. पुढे 1963 साली त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पोरांच्या पोटात दूध जावं म्हणून काढलेली ही युक्ती होती आणि ती उत्तम होती. चीज करणाऱ्याचा विचार त्यात कुणी केला नव्हता, आणि करायची गरजही नव्हती. पावडर करताना दूध तापतं, ते किती तापलं त्यावर त्यातल्या प्रथिनांचं काय होतं ते ठरतं, आणि पिशवीवर ते लिहिलेलं नसतं. उन्हाळ्यात जनावरं आटतात, पावडरीचा हात सढळ होतो, आणि तेच टोन्ड दूध जानेवारीत जसं जमतं तसं मे महिन्यात जमत नाही.

तापमानाचा हा मुद्दा मला फॅटपेक्षाही मोठा वाटतो, म्हणून इथे जरा थांबते.

पनीर फाडायला आम्ल पुरतं. मोझरेलासारख्या चीजला रेनेट लागतं. रेनेट हे विकर दुधातल्या केसिनच्या कणांवरचं आवरण कापतं, मग ते कण कॅल्शियमच्या मदतीने एकमेकांना धरतात आणि दुधाचा एकसंध, मऊ पण सुरीने कापता येईल असा थर जमतो. दूध फार तापलेलं असेल तर निवळीतली प्रथिनं उलगडून याच केसिनच्या कणांना जाऊन चिकटतात आणि वाट अडवतात. रेनेटला धड काम करता येत नाही. साधं पाश्चराइज्ड दूध 72 अंशांवर 15 सेकंद तापवलेलं असतं, तेवढं चालतं. टेट्रापॅकमधलं यूएचटी दूध 135 अंशांच्या वर दोन-चार सेकंद गेलेलं असतं, ते या कामाचं नाही.

एका मॉलमध्ये एकावर एक फुकट म्हणून टेट्रापॅक मिळत होते. लिटरचा भाव बघता त्याहून स्वस्त काहीच नव्हतं. चालणार नाही असं वाचलं होतं, पण फुकटचं ते फुकटचं, म्हणून एक लिटर लावून बघितलंच. तासाभराने सुरी घातली तर दूध जरा दाट झालं होतं, इतकंच. सुरी बाहेर काढली की भेग लगेच मिटायची. उरलेल्या खोक्यांचं मी लिंबू पिळून पनीर केलं आणि ते छान झालं. पनीरला ही उष्णता उलट फायद्याची असते: जी प्रथिनं रेनेटच्या आड येतात तीच आम्लाने फाडताना केसिनबरोबर खाली बसतात आणि वजन वाढतं. आपण दूध उकळून पनीर करतो त्यामागे हेच कारण आहे.

आणि यावरूनच घरात वाद. सासूबाईंच्या हिशेबी दूध घरात आलं की आधी तापायला जातं, मग बाकी सगळं. मी फ्रीजमधून पिशवी काढून सरळ पातेल्यात कापली की त्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहायच्या. "न तापवता?" मी म्हणायचे, "आई, ते डेअरीत तापवून थंड करूनच भरलेलं असतं." "असेल. पण आपण कुठे बघितलंय?" हे युक्तिवादाने मिटण्यातलं नव्हतं. शेवटी एकाच पिशवीचं अर्धं दूध उकळून गार केलं, अर्धं तसंच ठेवलं, आणि दोन वाट्यांत सारखंच रेनेट घातलं. उकळलेल्या वाटीत पातळसर गोळा, दुसऱ्या वाटीत खरवसासारखा घट्ट थर. त्यांनी दोन्हींत चमचा घालून बघितला, "बरं" म्हणाल्या, आणि चहाचं दूध तापवायला घेतलं.

हीच दोन वाट्यांची गंमत पुढे माझी दूध पारखायची पद्धत झाली. नवी पिशवी आणली की चार लिटर ओतायच्या आधी एक वाटी दूध वेगळं काढते आणि पातेल्यातल्या कोमट पाण्यात ती वाटी ठेवून 32 ते 35 अंशांवर आणते. ठाण्यात मे महिन्यात त्यासाठी गॅस पेटवावा लागत नाही, ओटा पुरतो. रेनेटचा कण उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायचा, नळाच्या पाण्यात नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रेनेट मारतं. दोनदा ढवळून वाटी अजिबात हलवायची नाही. अर्ध्या-पाऊण तासाने सुरीचं टोक तिरकं खुपसून हळूच वर उचलायचं. थर सरळ चिरला, भेगेच्या कडा उभ्या राहिल्या आणि तळाशी पिवळट-हिरवट स्वच्छ पाणी दिसलं, तर दूध चीजचं. कडा ढासळल्या आणि पाणी पांढुरकं गढूळ आलं, तर ती पिशवी चहाची. एक वाटी जाते, बाकी दूध सुटतं.

या चाचणीत सेंटरवरच्या सगळ्या पिशव्या टप्प्याटप्प्याने बसवल्या. कुठल्या ब्रँडची कशी निघाली ते मुद्दाम लिहीत नाही. तीच पिशवी दुसऱ्या महिन्यात वेगळी वागली आहे, आणि माझ्या गल्लीत जे केंद्र माल पुरवतं ते तुमच्या गल्लीत पुरवतं असंही नाही. एवढं नक्की की पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' लिहिलेलं असेल तर थर मऊच येणार. होमोजिनायझेशनमध्ये दूध जोराने बारीक छिद्रांतून दाबतात, फॅटच्या गोळ्यांचे बारीक तुकडे होतात आणि ते केसिनच्या जाळ्यात मधेमधे घुसतात. साय वर येत नाही. चहाला हे दूध लोकांना आवडतं. चीजला मात्र दुसऱ्या दिवशी वर साय धरणारं दूध बरं.

मऊ थराला थोडा आधार कॅल्शियम क्लोराइडने मिळतो. पाश्चरायझेशनमध्ये आणि थंड साठवणीत दुधातल्या कॅल्शियमचं गणित जरा बिघडतं, ते यानं सावरतं. चार लिटरला 30 टक्के द्रावणाचा चहाचा पाव चमचा, पाण्यात मिसळून, रेनेटच्या आधी. जास्त घातलं तर कडवट लागतं. फूड ग्रेडचंच घ्यायचं. जांभळी नाक्यावर मी दोन-तीन दुकानांत विचारलं तर एकाने ओल शोषायची पुडी काढून दाखवली. तीही कॅल्शियम क्लोराइडचीच, पण पोटात घालायची नव्हे! शेवटी रेनेटबरोबर तेही ऑनलाइन मागवलं. सायट्रिक अ‍ॅसिड मात्र नाक्यावरच मिळालं, 'लिंबूफूल' म्हणून मागितलं की कुणीही काढून देतो.

रेनेटबद्दल शेजारच्या सुरतच्या काकींनी आधी भुवया उंचावल्या. त्यांच्याकडे सुरतेत टोपली पनीर खातात, बांबूच्या इवल्या टोपल्यांत मुरवलेलं, लुसलुशीत. ते जुन्या काळी कशाने जमवायचे ते त्यांना ठाऊक होतं: कोकराच्या किंवा करडाच्या जठरातल्या पडद्याने. मी त्यांना पाकीट दाखवलं. आता बाजारात मिळतं ते बहुतेक बुरशीपासून केलेलं, हिरव्या ठिपक्याचं रेनेट असतं. तेव्हापासून त्या माझ्या प्रत्येक प्रयोगाच्या परीक्षक आहेत, आणि कडक आहेत.

म्हशीच्या दुधाचं नाव त्यांनीच काढलं. "तबेल्याचं घे ना. पिशवीचं काय घेऊन बसलीस?"

आमच्या इमारतीत भिवंडीकडच्या तबेल्यातलं दूध घरोघर घालणारा भैया येतो. भाव लिटरला नव्वदीच्या आसपास. स्वस्त दूध शोधणाऱ्या बाईने तिकडे बघूच नये असा. पण म्हशीच्या दुधात फॅट 6-7 टक्के असतं, केसिन गायीच्या दुधापेक्षा बरंच जास्त असतं, आणि हे दूध होमोजिनाइज्ड नसतं. इटलीत कांपानिया भागात मोझरेला मुळात म्हशीच्याच दुधाचं करतात. मग दोन लिटर सांगितलं.

मावसभावाने आधीच बजावलं होतं, "डिग्री लावून बघ." लॅक्टोमीटर शे-दीडशेला मिळतो. काचेची नळी दुधात सोडली तर आकडा 30 आला, म्हणजे बरोबर. पण साय धरली ती पातळ, पापुद्र्यासारखी. भावाला फोन केला तर तो हसायला लागला. लॅक्टोमीटर दुधाची घनता मोजतो. फॅट पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे साय काढून घेतली की आकडा वर जातो. पाणी घातलं की खाली येतो. दोन्ही बेतानं केलं की काटा परत जागच्या जागी. नळी पाणी पकडते, साय आणि पाणी मिळून केलेला उद्योग पकडत नाही.

दुसऱ्या दिवशी भैयाला दारात गाठलं. भांडायचं नव्हतं, पण विचारायचं होतं. "भैया, मलई कमी आहे."

"भाभी, हमने नहीं निकाली."

"तुम्ही नाही काढली, पण निघालीय."

तो जरा गप्प राहिला, मग म्हणाला, हे लाइनचं दूध आहे, सगळ्यांना एकच, घरपोच भावाचं. समोर काढलेलं हवं असेल तर लिटरमागे वर पैसे पडतील आणि आदल्या दिवशी सांगावं लागेल, वेगळी बरणी येईल. म्हणजे दुधाला दोन भाव होते आणि मला एकच माहीत होता. हे त्याने सांगितलं ते मला बरं वाटलं. नाहीतर मी वर्षभर रेनेटला दोष देत बसले असते.

वेगळ्या बरणीतलं दूध आलं तेव्हा नळी बाजूला ठेवली आणि सरळ एक लिटरचं पनीर करून काट्यावर ठेवलं. चांगल्या म्हशीच्या दुधाचं लिटरमागे 200 ग्रॅमच्या आसपास पनीर पडायला हवं. लाइनच्या दुधाचं दीडशेच्या जवळपास आलं होतं, बरणीचं दोनशेच्या वर गेलं. स्वयंपाकघरात करता येण्यासारखी याहून भरवशाची परीक्षा मला तरी सापडलेली नाही. आणि परीक्षेचं पनीर रात्री मटारबरोबर संपतंही.

उन्हाळ्यात आणखी एक भानगड होते. दूध वाटेत नासू नये म्हणून कुणी त्यात चिमूटभर सोडा टाकतं. असं दूध तापवून फाटत नाही, चहाला काही कळत नाही, पण रेनेट घातलं की तास उलटला तरी थर जमत नाही, कारण रेनेटला दूध किंचित आम्लाकडे झुकलेलं लागतं. वाटीची चाचणी इथेही उपयोगी पडते.

तबेल्याचं दूध कच्चं असतं, हे विसरून चालत नाही. कच्च्या दुधातून क्षय, ब्रुसेलोसिससारखे रोग येऊ शकतात, आणि ताजं मोझरेला आपण लगेच खातो. ते उकळावं तर रेनेट चालत नाही. मधला मार्ग म्हणजे 63 अंशांवर सलग 30 मिनिटं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात दुधाचं पातेलं, थर्मामीटर दुधात, आणि आपण शेजारी उभं राहून ढवळत राहायचं. गॅस बारीक-मोठा करत काटा 63 ते 65 मध्ये धरायचा. मग सिंकमध्ये बर्फाचं पाणी करून त्यात पातेलं ठेवायचं. अर्धा तास मन लावून करायचं काम आहे, मध्ये फोन घेता येत नाही. यासाठी तरी मला पिशवीचं दूध आवडतं.

दरम्यान कुणी 'ए टू' दूध सुचवलं, काचेच्या बाटलीतलं, लिटरला शंभराच्या वर. त्याचं चीज चांगलं झालं, पण त्या भावात काय चांगलं होणार नाही! ए टू हा केसिनचा एक प्रकार आहे, त्याने चीज जास्त पडत नाही. तो विषय तिथेच संपला.

आता हिशेब. हे लिहिताना आमच्याकडे टोन्ड लिटरला 57 च्या आसपास पडतं, गायीचं 58, फुल क्रीम 70, बरणीचं तबेल्याचं 92. माझ्या हातून टोन्डच्या लिटरमागे साधारण 95 ग्रॅम मोझरेला निघतं, गायीच्या 105, फुल क्रीमच्या 150, तबेल्याच्या 180. तुमच्या हातून थोडं इकडेतिकडे होईल, आणि ओलं-कोरडं यावरही वजन हलतं. पण या आकड्यांनी किलोचा भाव काढला तर टोन्डचं चीज 600 रुपयांना जातं, गायीचं साडेपाचशेला, तबेल्याचं 510 ला आणि फुल क्रीमचं 470 च्या आत येतं. सगळ्यांत स्वस्त दुधाचं चीज सगळ्यांत महाग! तबेल्याच्या दुधाबद्दल मला जे वाटत होतं, की ते श्रीमंतांचं काम, तेही तितकंसं खरं ठरलं नाही. गॅस, रेनेट आणि आपला वेळ यात धरलेला नाही. टोन्डमध्ये तो धरला की दुकानातलं मोझरेला आणावं आणि शनिवारी झोपावं.

फुल क्रीम जिंकलं म्हणायचं तर त्याची एक खोड आहे. फॅट भरपूर, पण बऱ्याच पिशव्या होमोजिनाइज्ड, त्यामुळे थर कापताना चुरा होतो आणि ताणताना तूप सुटून हात चिकट होतात. म्हणून आता दोन लिटर फुल क्रीम, वाटीत पास झालेलं, आणि एक लिटर बरणीचं, घरी पाश्चराइज केलेलं, असं मिसळते. तबेल्याचं दूध थराला धरून ठेवतं, पिशवीचं दूध खर्च खाली आणतं. किलोला 480 च्या आसपास बसतं. सायट्रिक अ‍ॅसिड मात्र या मिश्रणाला नुसत्या गायीच्या दुधापेक्षा थोडं जास्त लागतं, कारण म्हशीचं दूध आम्ल लवकर मानत नाही. गायीच्या चार लिटरला चहाचा सपाट दीड चमचा पुरतो. या तीन लिटरच्या मिश्रणालाही मी तेवढंच घालते, पाण्यात विरघळवून, दूध गार असतानाच.

पुढची कृती सगळीकडे मिळते, ती लिहीत नाही. ताणण्याच्या वेळचं तेवढं सांगते, कारण दूध बरोबर निवडलं की नाही ते तिथे हाताला कळतं. निथळलेलं कर्ड (जमलेल्या थराचे तुकडे) 80 अंशांच्या पाण्यात टाकलं की पहिल्यांदा त्याचे तुकडे एकमेकांकडे बघतही नाहीत. लाकडी चमच्याने दाबत राहायचं. आतून ते साठीच्या जवळ तापलं की कडा चकाकायला लागतात, तुकड्यांच्या भेगा नाहीशा होतात, आणि चमचा उचलला की रुंद, गुळगुळीत पट्टा खाली लोंबतो. टोन्डचं कर्ड या क्षणी तुटतं. नुसत्या फुल क्रीमचं ताणतं, पण पाणी तुपकट होतं. मिश्रणाचं ताणून, दुमडून, परत ताणलं तरी रेघ उठत नाही. दोन जोड रबरी हातमोजे घालते, तरी बोटं लाल होतात.

उरलेली निवळ दोन लिटरच्या वर असते. कणकेला, आमटीला, डोशाच्या पिठाला घालते. आंबट असल्याने भाजीला बेताने. तरी उरतेच. सासूबाईंनी तिची कढी करून बघितली, ती घरात कुणाला आवडली नाही, त्यांनाही नाही, पण त्या अजून कबूल करत नाहीत.

टोपली पनीरचा हिशेब वेगळाच आहे. त्यात दुधातलं पाणी निथळून फारसं जात नाही, मऊ थर खारवलेल्या निवळीत तसाच राहतो, त्यामुळे किलोचा भाव काढण्यात अर्थ नाही. एक लिटर घ्या, पण चांगलं घ्या. काकींच्या देखरेखीखाली मी पिशवीच्या दुधाचं केलं तेव्हा त्यांनी एक घास घेऊन "ठीक छे" म्हटलं. बरणीच्या दुधाचं केलं तेव्हा डबा घेऊन गेल्या. बांबूच्या टोपल्या इथे मिळाल्या नाहीत, म्हणून चहाच्या प्लास्टिकच्या गाळण्या वापरते, नव्या, त्या कामाला वेगळ्या ठेवलेल्या.

भैयाला आता गुरुवारी सांगून ठेवते, शुक्रवारी सकाळी बरणी येते. गणपतीत तो आधीच नाही म्हणतो, सगळं दूध मिठाईवाले उचलतात. तेव्हा दुकानातलं पाकीट आणते.